हात वर झाले, पुढे काय?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची पत्रं बहुतेक सोलापूर शहरातली आणि आसपासच्या तालुक्यांतली आहेत. नावं छापलेली नाहीत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत चौघांनी विचारला होता.

प्रश्न: गेल्या डिसेंबरात आमच्या मंडळीने (चर्चने) तीन दिवसांची उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास नव्याने जागवणारी सभा, घेतली. मंडप, लाउडस्पीकर, बाहेरगावचे वक्ते, सगळं व्यवस्थित झालं. शेवटच्या रात्री चाळीसएक जणांनी हात वर करून प्रभूला जीवन दिलं. आज त्यांतले सात-आठच रविवारी दिसतात. बाकीचे पंच म्हणतात, पुढच्या वर्षी आणखी मोठी सभा घेऊ. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही सुचत नाही.
— मंडळीचे एक पंच, रेल्वे लाइन्स

उत्तर: बंधू, सलाम. तुम्हाला खटकतंय ते योग्यच आहे. सभा घेतली यात चूक नाही. सभेच्या दुसऱ्या दिवसापासून काय करायचं ते ठरलं नव्हतं, तिथे घोटाळा झाला. हात वर करून घरी गेलेल्या माणसाला कुठल्या वारी कुठे यायचं ते माहीत नसतं. अडलं तर कोणाला फोन करायचा ते माहीत नसतं. घरात या विषयावर बोलणारं बहुधा कोणी नसतं. पंधरा दिवस तो तग धरतो. मग एक रविवार चुकतो, मग दुसरा. कोणी विचारायला येत नाही, तेव्हा तो समजून जातो की आपण नसलो तरी तिथे कोणाचं अडत नाही.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातली प्रभूची आज्ञा शिष्य करण्याची आहे, आणि त्याने सांगितलेलं पाळायला शिकवण्याची. नुसतं सांगायला नव्हे, पाळायला. हे मंडपात होत नाही. मार्क ३:१४ मध्ये बारा शिष्यांना नेमण्याचा पहिला हेतू दिला आहे तो असा की त्यांनी येशूबरोबर असावं. संदेश द्यायला पाठवणं त्याच्यानंतर आलं.

म्हणून आमचं सांगणं असं की पुढच्या वर्षीच्या मंडपाचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि जे सात-आठ जण अजून येतात त्यांचे दोन गट करा. एका गटात नवे तीन किंवा चार आणि मंडळीतलं एक मुरलेलं माणूस. मुरलेलं म्हणजे चांगलं बोलणारं नव्हे, ठरल्या वेळी पोचणारं. यापेक्षा मोठा गट नको. सहा-सात झाले की दोघे नुसते ऐकणारे होतात, आणि दहा झाले की कोणीतरी उभं राहून उपदेश सुरू करतो. पुरुषांचा गट वेगळा, बायकांचा वेगळा, कारण तिथे घरातल्या, मनातल्या गोष्टी निघतात.

वेळ ठरवताना माणसं कशी राहतात ते बघा. आपल्याकडे बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये चार-चार दिवस जातात. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी घरातली बाई हंडे, बॅरल, टाकी सोडून कुठेही जाऊ शकत नाही, आणि तिने जावं अशी अपेक्षाही करू नये. 'दर गुरुवारी' असं ठरवलं की दर चार-पाच आठवड्यांनी गुरुवार पाण्याच्या दिवसावर येतो आणि गट मोडतो. त्यापेक्षा 'पाणी येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी दुपारी तीन' असं ठरवा, सगळ्यांच्या लक्षात राहतं. कारखान्यातल्यांचा गट पाळी बदलली की विस्कटतो. तिथे एकाच पाळीतली माणसं एका गटात घ्या, म्हणजे पाळीबरोबर सगळ्यांचीच वेळ बदलते.

बैठक सव्वा तासाची. पहिली पंधरा मिनिटं, मागच्या वेळी प्रत्येकाने जे करायचं ठरवलं होतं ते झालं का, एवढंच. नंतर अर्धा तास शास्त्रपाठ, दोनदा मोठ्याने वाचून, दुसऱ्यांदा वेगळ्या माणसाने. मग पंधरा मिनिटं, पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकाने करायची एक गोष्ट. ती बोटाने दाखवता येईल अशी हवी. 'सगळ्यांशी प्रेमाने वागेन' चालत नाही. 'बुधवारी भावाला फोन करून बांधाचं बोलणं पुन्हा सुरू करेन' चालतं. शेवटची पंधरा मिनिटं प्रार्थना. वाचायला मत्तयाचे पाच ते सात हे तीन अध्याय घ्या. डोंगरावरच्या प्रवचनाची ती १११ वचनं आहेत. दर बैठकीला नऊ-दहा वचनं घेतली की बारा बैठकांत पुरी होतात.

हे गट कशाने मोडतात तेही सांगून ठेवतो. पहिलं कारण, मुरलेलं माणूसच सगळं बोलतं. त्याने फक्त प्रश्न विचारायचे आणि गप्प बसायचं. शांतता पसरली तरी मनात वीस आकडे मोजायचे, कोणीतरी बोलतंच. दुसरं, प्रार्थनेसाठी सांगितलेली गोष्ट तिसऱ्या घरी पोचते, बहुतेक वेळा 'यांच्यासाठी प्रार्थना करा हं' असं म्हणतच पोचते. एकदा असं झालं की त्या माणसाचं तोंड कायमचं मिटतं. तिसरं कारण उसनवारी. गटात पैसे मागितले गेले आणि परतफेड रखडली की घेणारा लाजेने यायचा बंद होतो. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा: गटातल्या गटात उसने नाहीत. खरी अडचण असेल तर पाळकांमार्फत (पास्टरांमार्फत) मंडळीच्या मदत निधीकडे जायचं.

आणि कोणी आलं नाही तर त्याच आठवड्यात घरी जायचं. तुमच्या मंडळीत यंत्रमागावर उमेदीची वर्षं घालवलेली माणसं असतील, त्यांना हे वेगळं सांगायला नको. ताण्याचा एक धागा तुटला की विणकर माग थांबवतो, दोन्ही टोकं हुडकतो, गाठ मारतो आणि मगच माग पुन्हा सुरू करतो. न थांबता पुढे विणत गेला तर चादरीत लांबच लांब रेघ पडते, आणि ती नंतर भरून काढता येत नाही.

बारा बैठका झाल्या की त्यातल्या दोघांनी नवा गट धरायचा. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या २:२ मध्ये प्रेषित पौल एकाच वाक्यात चार पिढ्या मोजतो: स्वतः पौल, मग तीमथ्य, मग विश्वासू माणसं, मग ती ज्यांना शिकवतील ते. वर्षाला आठांचे सोळा झाले तर ते कमी वाटेल. पण त्या सोळा जणांची नावं आणि घरं तुम्हाला ठाऊक असतील. जे तीस-बत्तीस दिसेनासे झाले त्यांच्याही नाव-पत्त्याच्या चिठ्ठ्या सांभाळून ठेवलेल्या असतील. आठवड्याला तीन घरं घेतली तरी अडीच-तीन महिन्यांत सगळी होतात. जाताना 'का आला नाहीत' असं विचारू नका. 'आम्ही आलो नाही, ते चुकलं' असं म्हणा.

प्रश्न: माझी आई विड्या वळते. तिला टीबी निघाला आहे, सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू आहेत. एका प्रार्थना सभेत तिला सांगितलं, विश्वास असेल तर गोळ्या सोड, गोळी घेणं म्हणजे संशय. आता ती गोळ्या घ्यायला टाळाटाळ करते. काय सांगू तिला?
— एक मुलगी, अशोक चौक

उत्तर: ताई, गोळ्या एकही दिवस चुकवू देऊ नका. हे आधी वाचा, बाकीचं नंतर.

साध्या क्षयाचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र, नंतर चार महिने तीन. अडचण अशी की तीन-चार आठवड्यांतच खोकला कमी होतो, ताप जातो, भूक लागते. माणसाला वाटतं बरं झालो. जंतू मात्र तेव्हा पुरते मेलेले नसतात. त्या वेळी औषध सोडलं तर उरलेले जंतू त्याच औषधांना दाद देईनासे होतात, आणि मग उपचार जास्त अवघड, जास्त त्रासाचा होतो. सभेत 'बरी झाले' अशी साक्ष नेमकी याच टप्प्यावर दिली जाते. ज्याने गोळ्या सोडायला सांगितलं त्याला हे माहीत नसेलही. पण माहीत नसताना असा सल्ला देण्याचा अधिकार कोणालाच नाही, हातात बायबल असलं तरी नाही.

आईला शास्त्रातूनच दाखवा, तिला ते जास्त पटेल. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. त्याने प्रार्थना केली, देवाने बरं करण्याचं वचन दिलं, आणि त्यानंतर यशया संदेष्ट्याने अंजिरांचा लेप आणवून गळवावर लावला. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात विसाव्या अध्यायात पहिली सात वचनं वाचा. वचन आधीच मिळालं होतं, तरी लेप लावला. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. पौल लूकचा उल्लेख करतो तो 'प्रिय वैद्य' म्हणून. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय मंडळीच्या वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगतो. औषध टाका, असं त्यात कुठेही नाही. आणि आपल्या भागातल्या ख्रिस्ती माणसाला तर हे मिरजेकडे बघून कळायला हवं. डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथे १८९४ साली मिशनचं रुग्णालय उभं केलं ते प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे.

पाळकांना घरी बोलवा आणि आईसमोर त्यांच्या तोंडून हे वदवून घ्या. प्रार्थनेला येणाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगा. उपचार सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील तर वीस-पंचवीस जणांनी एका खोलीत दाटीवाटीने बसू नये. चार-पाच जणांनी यावं, दार-खिडकी उघडी ठेवून बसावं, वीस मिनिटांत उठावं. आणि घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची तपासणी करून घ्या. गोळी घेण्याची वेळ ठरवा, त्याच वेळी आईबरोबर एक स्तोत्र वाचा. गोळी आणि प्रार्थना अशी एका ताटात आली की टाळाटाळ कमी होते.

प्रश्न: दर वर्षी एक जानेवारीला बायबल वाचायला घेतो आणि फेब्रुवारीत सोडतो. टॉवेलच्या कारखान्यात बारा तासांची ड्यूटी असते. माझ्याच्याने होणार नाही का?
— एक कामगार, अक्कलकोट रोड

उत्तर: दादा, फेब्रुवारीच का, ते आधी पाहू. बायबलचे एकूण ११८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीन ते चार पडतात. उत्पत्तीचे पन्नास अध्याय गोष्टींचे, वाचून होतात. निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची मापं सुरू होतात. जानेवारी संपता संपता लेवीय येतं, आणि बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला होमबलींचे नियम वाचता वाचता झोप येते. तुमचा विश्वास कमी पडला असं समजू नका, वाचनाची आखणीच तुमच्या दिवसाला साजेशी नव्हती.

नवा करार घ्या. त्याचे अध्याय २६०. आठवड्यातून पाच दिवस रोज एक, असे बरोबर बावन्न आठवडे. दोन दिवस सुटीचे. त्यांत चुकलेलं भरून काढायचं. सुरुवात मार्कापासून, सोळाच अध्याय आहेत, भरभर पुढे सरकतात. ड्यूटीवरून आल्यावर नको, जाण्याआधी वाचा, दहा मिनिटं पुरतात. मोठ्याने वाचा. आपल्याकडे पोथी मोठ्याने वाचायची पद्धत होती ती उगाच नाही. डोळे मिटायला लागले तरी कान जागे राहतात.

भाषा जड वाटत असेल तर सोप्या भाषेतलं भाषांतर घ्या, त्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणूनच. त्या १९२२ साली वारल्या आणि ते १९२४ साली छापून निघालं.

वाचताना एकच करा: जे वाचताय ते आपल्या डोळ्यांपुढे उभं करा. मार्काचा दुसरा अध्याय घ्या. चौघे जण एका पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेवरून आणतात, दारात गर्दी, म्हणून ते घराचं छप्पर उकरून त्याला खाली सोडतात. शहरातल्या वाचकाला छप्पर 'उकरणं' कळत नाही. पण अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याकडची जुनी माळवदाची घरं तुम्ही पाहिली असतील: लाकडी तुळया, त्यावर आडवी लाकडं, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. तसलंच काहीसं ते छप्पर. आता बघा, ते उकरताना खाली काय झालं असेल. उपदेश चाललेला, वरून माती ढासळतेय, डोक्यावर, अंगावर, धूळच धूळ. घरमालक ओरडला असेल. आणि येशू त्या चौघांचा विश्वास पाहतो. आजाऱ्याचा एकट्याचा असं मार्क म्हणत नाही, 'त्यांचा' म्हणतो. एवढं दिसलं की त्या दिवसाचं वाचन झालं. दुपारी डबा खाताना आठवायला तेवढं पुरतं.

प्रश्न: आमच्या वाड्यात बहुतेक घरं लिंगायत आणि पद्मशाली समाजाची. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शेजारच्या काकू प्रसाद आणतात, संक्रांतीला तिळगूळ. सासूबाई म्हणतात काहीच घ्यायचं नाही. मला शेजाऱ्यांना दुखवायचं नाही.
— एक सून, भवानी पेठ

उत्तर: ताई, दोन्ही एकच समजू नका. तिळगूळ हा शेजारधर्म आहे. तो घ्या आणि तुम्हीही द्या, गोड बोला म्हणण्यात ख्रिस्ती माणसाला कसली अडचण?

प्रसादाचं वेगळं आहे, आणि पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायांत याच प्रश्नाला उत्तर दिलं आहे. मूर्ती जगात काही नाही, अन्न हे अन्नच आहे, बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, असं तो म्हणतो. पण कोणी मुद्दाम 'हे नैवेद्याचं आहे' असं सांगितलं तर त्या माणसाच्या आणि दुर्बळ भावाच्या मनासाठी खाऊ नका, असंही म्हणतो. प्रसाद म्हटलं की ते सांगितलेलंच असतं. म्हणून आम्ही न घेण्याच्या बाजूचे आहोत. काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं घेतात; त्यांच्यावर या कारणासाठी बोट ठेवू नये, रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय त्यासाठीच आहे.

नाही म्हणण्याची रीत मात्र महत्त्वाची. दारातूनच हात हलवून परत पाठवू नका. काकूंना आत बोलवा, बसवा. 'काकू, प्रसाद तेवढा राहू द्या, आमच्यात घेत नाहीत. पण चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही.' यात्रेत गर्दीतून त्या दमून आलेल्या असतात, नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं सांगायचं असतं, ते ऐका. आणि नाताळात करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट पहिलं त्यांच्या घरी जाऊ द्या. सासूबाईंच्या मनात भीती आहे ती तुमचा विश्वास ढळेल याची. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना बरोबर घेऊनच ते ताट द्यायला जा.

प्रश्न: आमच्या मंडळीत अर्पणाच्या पैशांवरून कुजबूज चालू आहे. खजिनदार प्रामाणिक आहेत असं मला वाटतं, पण हिशेब कोणी पाहिलेला नाही. विचारलं की विश्वास नाही का, असं म्हणतात.
— एक सभासद, होटगी रोड

उत्तर: विश्वास आहे म्हणूनच हिशेब हवा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा पौलाने ती एकट्याच्या हाती ठेवली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन बंधू पाठवले आणि कारणही लिहून ठेवलं: या मोठ्या रकमेबाबत कोणी आपल्याला दोष देऊ नये, म्हणून प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते करतो. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय. प्रेषिताला ज्याची गरज वाटली त्याची आपल्या खजिनदारांनाही वाटायला हरकत नाही. प्रामाणिक माणसाला संशयापासून वाचवायचा हाच मार्ग आहे.

करायचं काय, तर उपासना संपली की लगेच, घरी नेऊन नव्हे, वेस्ट्रीतच, म्हणजे चर्चमधल्या पाळकांच्या खोलीतच, मोजणी करायची. मोजणारे दोघे, एकमेकांचे नातलग नसलेले, दर महिन्याला बदलणारे, आणि त्यांत खजिनदार नकोत. पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभराच्या किती, सुटी नाणी किती, असा तक्ता करून त्यावर दोघांच्या सह्या. पाकिटातून आलेलं, नाव लिहिलेलं दान वेगळं लिहायचं, त्याची पावती द्यायची. मग रक्कम खजिनदारांकडे, आणि पुढच्या कामकाजाच्या दिवशी जशीच्या तशी बँकेत. त्यातून आधी खर्च भागवून उरलेली भरायची, ही सवय सर्वांत घातक आहे. यात चोरी नसते, पण सहा महिन्यांनी कोणालाच काही जुळवता येत नाही. खर्च बँकेतून काढलेल्या पैशांतून किंवा चेकने करायचा, आणि चेकवर दोघांच्या सह्या.

दारातला क्यूआर कोड तपासा. तो मंडळीच्या खात्याचा आहे की कोणाच्या खासगी? सोयीसाठी म्हणून खजिनदारांच्या मोबाईलचा कोड चिकटवला जातो आणि अर्धी कुजबूज तिथूनच सुरू होते. छपराच्या दुरुस्तीसाठी जमलेले पैसे वीजबिलाला वापरायचे नाहीत. वापरावेच लागले तर पंचांच्या बैठकीत ठराव लिहून. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार ओळींचा तक्ता सूचनाफलकावर लावायचा: आधीची शिल्लक, जमा, खर्च, आताची शिल्लक. मंडळीचा न्यास स्वतंत्र नोंदलेला असेल तर ३१ मार्चनंतर लेखापरीक्षण करून घ्या, आणि विश्वस्त बदलले तर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्या. हे राहून गेल्याने पुढे मालमत्तेचे दावे वर्षानुवर्षं चालतात.

विचारताना वार्षिक सभेत उभं राहून एकदम खजिनदारांवर जाऊ नका. मत्तय १८:१५ प्रमाणे आधी एकट्याने त्यांच्या घरी जा आणि हा तक्ता त्यांनीच सुचवावा अशी विनंती करा. प्रामाणिक माणसाला ते मनातून हवंच असतं. व्हॉट्सॲपच्या मंडळी ग्रुपवर मात्र या विषयाचा एक शब्दही नको.

प्रश्न: तरुणांना गिटारवरची गाणी हवीत, वडीलधाऱ्यांना 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली जुनी. दर रविवारी रुसवेफुगवे.
— तरुण संघाचा एक कार्यकर्ता

उत्तर: दोन्ही राहू द्या, पण हिशेबाने. उपासनेत पाच गीतं असतील तर तीन जुनी, दोन नवी. मंडळीने आधी न गायलेलं गीत महिन्याला एकच, आणि ते सलग तीन रविवार. दर आठवड्याला नवं आणलं की मंडळी ऐकणारी होते, गाणारी राहत नाही. युट्यूबवरच्या गायकाच्या पट्टीत गाऊ नका. त्याचा गळा वर जातो, मंडळीचा जात नाही, आणि धृपदाला सगळे गप्प होतात. सूर खाली घ्या, तिसऱ्या बाकावरच्या आजीचा आवाज ऐकू येतोय का ते बघा.

आणि तरुणांनो, ना. वा. टिळकांची भजनं एकदा पेटी, टाळ आणि ढोलकीवर बसवून बघा. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या कानांना अभंगाची चाल शिकवावी लागत नाही. गिटार त्यातही वाजते.

प्रश्न: मी सी.एन.आय.चा (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा), पत्नी बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या सहवासातली (फेलोशिपमधली). मुलगी चार महिन्यांची आहे. बाप्तिस्मा आता द्यायचा की मोठी झाल्यावर, यावरून दोन्ही घरांत ताण आहे.
— एक पिता, विजापूर रोड

उत्तर: तुमच्या मंडळीत दोन्हींना जागा आहे, हे बऱ्याच सभासदांना माहीत नसतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा सहा मंडळ्या एकत्र आल्या. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या होत्या, तशा बॅप्टिस्ट आणि ब्रेदरनही होत्या. दोन्ही पद्धती मान्य करूनच ते ऐक्य झालं.

म्हणजे वाटा दोन. एक, आता बाप्तिस्मा, आणि ती समजत्या वयाची झाली की तिने स्वतः विश्वास पत्करून दृढीकरण. दुसरी, आता उपकारस्तुतीची प्रार्थना करून बाळाचं समर्पण, आणि पुढे तिच्या स्वतःच्या साक्षीवर बाप्तिस्मा. कुठलीही घ्या, पण दोन्ही मिळून चालत नाही. आता बाप्तिस्मा द्यायचा आणि पुढे आजोळी पुन्हा बुडवून द्यायचा, असा तडजोडीचा मार्ग नातेवाईक सुचवतात. बाप्तिस्मा एकदाच असतो. दुसऱ्यांदा दिला म्हणजे पहिला खोटा ठरवला, आणि त्या दिवशी दुखावलेली माणसं पुढे मुलीच्या लग्नातही बोलत नाहीत. म्हणून निर्णय तुम्ही दोघांनी, आजी-आजोबांना सांगण्याआधी घ्या. पाळकांना महिनाभर आधी भेटा, पत्नीसह, आणि तिचे प्रश्न तिला विचारू द्या. तुम्ही तिच्या वतीने बोलू नका.

पहिली वाट घेतलीत तर धर्ममातापिता निवडताना मोठं नाव बघू नका. याच शहरात राहणारे, दर वाढदिवसाला नव्हे तर दर महिन्याला घरी येतील असे बघा. महापालिकेचा जन्मदाखला आधी काढा आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाव लिहिताना तो समोर ठेवा. बाळाचं नाव, वडिलांचं, आडनाव, मराठीत आणि इंग्रजीत, अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. घरातलं लाडाचं नाव नोंदवहीत गेलं की पुढे शाळेत, पासपोर्टला आणि लग्नाच्या वेळी तिलाच प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं. नोंद झाल्यावर सही करण्याआधी ती ओळ दोघांनी मोठ्याने वाचून घ्या.